लोखंड्याच्या परीक्षणाची धास्ती

छापलेल्या बातमीत दुसऱ्या दिवशी कोणीतरी भजी बांधतं आणि ती संपते. न छापलेल्या गोष्टी मात्र कुठे जात नाहीत. त्या कचेरीतच मुक्काम करतात. चहाच्या वेळी एकानं एक काढली की तिच्या मागोमाग चार निघतात. वर्ध्यात खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमच्या पेपरची कचेरी आहे. तिथं माझी अशा गोष्टींची रास झाली आहे.

दंगल, पूर, वाळूची चोरी, सगळं मी कव्हर केलं. वाळूवाल्यांनी माझी स्कूटर नाल्यात ढकलली तेव्हाही कचेरीत कोणाचा चहा थंड झाला नव्हता. पण पूर्ण कचेरीची तंतरलेली मी एकदाच पाहिली. कारण होतं एका व्हिडिओ गेमचं परीक्षण. त्याचेच हे किस्से.

*

गेम होता 'लोखंड्या'. महामार्गावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या चार पोरापोरींनी बनवलेला. राक्षसाएवढा लोखंडी रोबो, आणि आपण तो चालवून शत्रूंशी मारामारी करायची.

गेमची भीती कोणालाच नव्हती. भीती होती कॉलेजच्या अध्यक्षांची. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या वाढदिवसाला आमचं पहिलं पान त्यांचं असतं, आणि ॲडमिशनच्या दिवसांत शेवटचंही. सेलूकडच्या आमच्या एका वार्ताहरानं त्यांच्या होस्टेलच्या पाण्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. भाऊसाहेबांनी फोन केला नाही, शिवी दिली नाही. फक्त जाहिराती थांबल्या. थोड्याच दिवसांत नागपूरच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला आणि तो वार्ताहर आमचा राहिला नाही. आता तो टाइल्सच्या दुकानात बसतो.

तर आमचे ब्युरो चीफ ढोले साहेब यांनी प्रज्ञाला केबिनमध्ये बोलावलं. प्रज्ञा समुद्रपूरची, वडील एसटीत कंडक्टर. ती रविवारच्या पुरवणीत मोबाइल आणि गेमवर कॉलम लिहायची. कॉन्ट्रॅक्टवर होती, आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं.

"हा गेम तुझ्या कॉलमात घे," ढोले म्हणाले. "नीट लिही."

"नीट म्हणजे कसं, सर?"

"नीट म्हणजे नीट. नीट झालं तर तुझी कायम करायची फाइल मी नागपूरला पाठवतो."

"आणि नाई झालं तं?"

ढोल्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि शांतपणे अर्धी संपवली. मग म्हणाले, "सेलूवाला परवा भेटला होता. बाथरूमच्या टाइल्स चांगल्या दाखवल्या त्यानं."

*

प्रज्ञानं कचेरीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर गेम लावला. सगळे मागे उभे राहिलो.

मला व्हिडिओ गेममधलं काही कळत नाही. पण लोखंड्या पाहिला आणि मी विरघळलो. त्याचं धड कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसचं. खांद्याला एसटीचा दरवाजा, पाठीला ट्रॅक्टरचं धुराडं. पहिली लढाई सिंदी रेल्वे गावच्या कापूस बाजारात, दुसरी कारंज्याच्या ढाब्यापुढं ट्रकांच्या रांगेत, तिसरी समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर. आणि शत्रू कोण? गुलाबी बोंडअळ्या. लोखंडाच्या, बैलगाडीएवढ्या, सरपटत येणाऱ्या.

सगळ्यात भारी म्हणजे ऊन. लोखंड्या जास्त लढला की तापायचा. मग तो डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, कडुनिंबाखाली बसायचा आणि म्हणायचा, "थांब ना बे, तपलो मी."

पेज लावणारा आमचा मोहन हसून हसून खुर्चीवर बसला. "हा तं सेम माह्या मामासारखा करते. वावरात डवरणीले नेला की असाच बसते."

समुद्रपूरचा स्टँड आला तेव्हा तर कंडक्टर एसटीच्या खिडकीतून डोकं काढून लोखंड्याला म्हणाला, "आतमंदी सरका." मी टाळीच वाजवली. आमच्या जिल्ह्याचं तोंड अशा पडद्यावर कधी पाहिलं होतं मी?

फक्त प्रज्ञा हसत नव्हती. तिचा अंगठा एकाच बटणावर होता आणि कपाळाला आठी.

"काय गं, आवडला नाही?"

"लय आवडला, सर," ती म्हणाली. "म्हणूनच भेव वाटून राह्यलं."

*

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी दुपारी कळला.

आम्ही डबे उघडले होते. प्रज्ञाच्या कॉम्प्युटरवर धडाधड गोळ्यांचा आवाज चालू होता आणि प्रज्ञा माझ्या समोर बसून वांग्याची भाजी खात होती. मी उठून पाहिलं. कीबोर्डवर, गोळीच्या बटणावर, तिनं एक संगमरवरी ठोकळा ठेवला होता. लोखंड्या उभा राहून आपोआप गोळ्या झाडत होता. अळ्या एका रांगेत समोरून येत होत्या आणि मरत होत्या.

"सिंदी झालं, कारंजाही झालं," प्रज्ञा म्हणाली. "समुद्रपूर चालू आहे. लोणचं घ्या."

नेमके तेवढ्यात ढोले साहेब आत आले. त्यांची नजर ठोकळ्यावर गेली. तो साधा ठोकळा नव्हता. पत्रकारांच्या सत्कारात कॉलेजनं दिलेलं ते सन्मानचिन्ह होतं आणि त्यावर भाऊसाहेबांचा हसरा फोटो होता.

"हे काय चाललंय?" ढोल्यांचा आवाज चिरकला.

मोहननं घास गिळला. "काई नाई, साहेब. भाऊसाहेब खेळून राह्यले."

ढोल्यांनी ते सन्मानचिन्ह दोन्ही हातांनी उचललं, रुमालानं पुसलं आणि कपाटावर ठेवलं. बटण सुटलं. आता लोखंड्या नुसता उभा होता. अळ्या आल्या, त्याला धडकल्या, चावल्या. आम्ही पाहत राहिलो. पोळ्या संपल्या, भात संपला, तरी लोखंड्या तसाच उभा.

"पाह्यलं?" प्रज्ञा डबा बंद करत म्हणाली. "हात काढला तरी मरत नाई तो."

*

संध्याकाळी टपरीवर मी तिच्याशी भांडलो. भांडणं हा माझा स्वभाव आहे. शिवाय तिची नोकरी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

"प्रज्ञा, आपल्या पोरांनी केलंय. आपल्या मातीतला रोबो आहे. मुंबई-पुण्याला जमलं नाही ते यांनी केलं. चार मार्क जास्त दे."

"सर, तुम्ही नाल्यावरच्या पुलाले देता काय चार मार्क जास्त? तोही वर्ध्याचाच असते."

मी गप्प बसणारा नव्हे. "पूल आणि खेळ एक आहे का? पूल पडला तर माणसं मरतात. यात काय, घटकाभर करमणूक. माणूस हसला ना? मग झालं."

"एकदा हसला. दुसऱ्यांदा तेच बोलला तेव्हा?"

मी आठवून पाहिलं. दुसऱ्यांदा थोडं हसलो होतो. नंतर नव्हतो.

तिनं ग्लास बाकावर ठेवला. "हे पाहा. लोखंड्या तपतो. किती भारी आयडिया आहे सांगा. आता गोळी झाडू का जपून ठेवू, सावलीत जाऊ का अळीले आडवा होऊ, असा पेच पाडता आला असता. पण तपून बिघडत काईच नाई. तपतो, बसतो, बोलतो, उठतो. अळ्याही तशाच, एका रांगेत, रेशनच्या दुकानात उभ्या असल्यावाणी. हा आपला लग्नातला बँडवाला आहे, सर. ड्रेस असा की नवरदेव लाजंन. पण गाणं एकच."

"मग वाईट आहे म्हणून लिहिणार?"

"वाईट कुठं आहे? वाईट असता तं दोन ओळीत सोडला असता. इतका देखणा गडी अन् त्याले काई कामच नाई, याचं दुःख आहे." मग ती हळू बोलली. "सर, मागं एका कंपनीचा गेम मी असाच वाईट म्हणून लिहिला. तेव्हा काई नाई वाटलं. काल रात्री बाबांचा फोन आलता. फाइल नागपूरले गेली काय, विचारत होते. मी 'हाव' म्हणून टाकलं."

चहावाल्यानं पैसे मागितले तेव्हा तिला दोनदा सांगावं लागलं.

*

लेख द्यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी एक मुलगी जिना चढून आली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. उन्हात वर्ध्याच्या सगळ्याच पोरी अशा फिरतात. पण आत पंख्याखाली बसल्यावरही हिनं स्कार्फ सोडला नाही.

"मी ऋतुजा. लोखंड्या आमच्या ग्रुपचा आहे," ती स्कार्फच्या आतून बोलली. "मॅडम, तुम्ही आमच्या सरांना फोन करून विचारलं ना, की तो मरत काऊन नाई?"

"हो. सरांनी फोन ठेवला."

"आधी मरत होता, मॅडम."

मग तिनं सांगितलं. आधीचा खेळ वेगळा होता. अळ्या चहूबाजूंनी यायच्या, उडी मारायच्या. लोखंड्या तापला की खरंच हळू व्हायचा. चुकलं की तोंडावर पडायचा. पोरांनी तसाच तो भाऊसाहेबांना दाखवायला नेला. प्राचार्यांनी हौसेनं रोबोच्या छातीवर कॉलेजचं बोधचिन्ह लावायला सांगितलं होतं. एक पोरगा खेळायला बसला, त्याचे हात थरथरले, आणि ते बोधचिन्ह घेऊन लोखंड्या भाऊसाहेबांसमोर मातीत पालथा पडला.

"भाऊसाहेब काय म्हणाले?"

"जास्त नाई बोलले. 'माह्या कॉलेजचा रोबो पडतो काय?' एवढंच. मग प्राचार्य सर म्हणाले, पडणं काढून टाका. आम्ही काढून टाकलं."

मी उसळलो. म्हणालो, हीच बातमी आहे, उद्या पहिल्या पानावर घेऊ. ऋतुजा खुर्चीतून अर्धी उठली. तिचे प्रॅक्टिकलचे मार्क अजून लागायचे होते.

"नका, सर. पाया पडते. मॅडम, खेळ खराब आहे असं खुशाल लिहा, थे खरंच आहे. पण आमच्यामुळं खराब आहे, असंच लिहा."

ती गेल्यावर प्रज्ञानं कीबोर्ड पुढं ओढला. भीती सगळीकडे होती. कॉलेजात होती, आमच्या कचेरीत होती, जिन्यावर होती. जिथं थोडी तरी असायला हवी होती त्या खेळात तेवढी नव्हती.

*

आमच्या कचेरीत एक जुनी रीत आहे. नाजूक विषय असला की वार्ताहरानं दोन कॉप्या द्यायच्या, एक गरम, एक थंड. गरम म्हणजे खरं ते. थंड म्हणजे कोणालाच न पोळणारं. पान छपाईला जायच्या वेळी चीफ हवापाणी पाहून एक घेतो, दुसरी जाते कचऱ्यात. ही रीत काढणाऱ्याला मी रोज शिव्या देतो आणि रोज पाळतो.

प्रज्ञानं दोन्ही कॉप्या दिल्या. थंड कॉपीत तिनं एकही खोटं लिहिलं नव्हतं. दुपट्टा, लिंबाची सावली, 'तपलो मी', खिडकीतला कंडक्टर, सगळं इतक्या मायेनं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला लोखंड्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटावं. गरम कॉपीत लिहिलं होतं: 'हा रोबो हरू शकत नाही, म्हणून तो जिंकूही शकत नाही. आपण फक्त त्याच्या जिंकण्याला हजर असतो.' शेवटी, 'याला पडू द्या, मग हा उभा राहील.' ऋतुजाचं नाव नाही, भाऊसाहेबांचं नाही.

पुरवणीचं पान शुक्रवारी दुपारीच जातं. ढोले साहेबांनी निवड करायची होती. ते सिंदी रेल्वेला एका लग्नाला गेले आणि त्यांचा फोन बंद लागायला लागला. मी एका अपघाताच्या बातमीसाठी कारंज्याकडे होतो. कचेरीत उरला मोहन.

रविवारी सकाळी पुरवणी उघडली. डाव्या हाताला थंड कॉपी, उजव्या हाताला गरम. दोन्ही पूर्ण. दोन्हीखाली प्रज्ञाचं नाव. आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत मथळे, कचेरीत ओळखू याव्यात म्हणून फाइलवर लिहिलेले तेच: 'थंड' आणि 'गरम'.

मी मोहनला फोन लावला. "अरे, हे काय केलंस?"

"सर, ढोले साहेबांचा फोन लागून नाई राह्यला. एक काढाची होती. कोणती काढू? काढली अन् चुकली तं मी पुराच जातो. दोन्ही ठेवल्या तं अर्धाच जाईन."

*

सोमवारी दुपारी कॉलेजचं स्टिकर लावलेली पांढरी गाडी आमच्या कचेरीसमोर येऊन उभी राहिली. काचा काळ्या. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही.

ढोल्यांनी खिडकीचा पडदा ओढला. टपरीवर जाणं बंद झालं. खतवाल्याच्या गोदामातून मागचा एक जिना उतरतो, तिथून आम्ही ये-जा करू लागलो. युरियाच्या पोत्यांमधून प्रज्ञा ओढणी नाकाला लावून जायची. मी आयुष्यात कोणाला घाबरून मागच्या दारानं गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. मंगळवारीही गाडी तिथंच.

मंगळवारी दुपारी मोहनला काय झालं कोण जाणे. "एकदाचं मरून घेतो," म्हणाला आणि सरळ पुढचा जिना उतरून गाडीची काच वाजवली. आम्ही पडद्याच्या फटीतून पाहत होतो. काच खाली झाली. मोहन वाकून काहीतरी बोलला. मग परत वर आला.

"ड्रायव्हर आहे एकटा. इथंसा कडुनिंबाची सावली आहे म्हणे, म्हणून दुपारचा झोपाले येते."

खरं वाटायला वेळ लागला.

"अजून काई बोलला?" ढोल्यांनी विचारलं.

"हाव. तुम्ही लोकं दोन दिवसांपासून मांगच्या जिन्यानं काऊन जाऊन राह्यले, म्हणून विचारत होता."

*

आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बुधवारी खरा फोन आला. भाऊसाहेबांनी गुरुवारी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. 'लेख लिहिणाऱ्या मॅडमना नक्की आणा' असा निरोप होता.

ढोल्यांनी लगेच दार लावून खुलासा लिहिला. प्रज्ञाच्या नावानं. 'सदर लेख माझ्या अज्ञानातून लिहिला गेला असून...' असा. भाऊसाहेब म्हणतील त्या दिवशी तो छापायचा. आणि तो छापला की कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकणार नाही, हे कोणी तिला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी ढोल्यांवर ओरडलो. ते म्हणाले, "तुमची रिटायरमेंट जवळ आलीय. माझी दोन पोरं शिकताहेत."

प्रज्ञानं खुलासा वाचला.

"सर, एक विचारू? अज्ञान कोणत्या लेखातलं? थंड का गरम?"

*

गुरुवारी मोहनसकट आम्ही चौघं ढोल्यांच्या गाडीतून निघालो. एसी पूर्ण चालू होता आणि चौघांनाही घाम फुटला होता. महामार्ग लागला तशी प्रज्ञानं खिडकीकडे तोंड केलं ते कॉलेजच्या फाटकापर्यंत.

सभागृहात मोठा पडदा. खाली प्राध्यापक भिंतीला लागून उभे, जसे आम्ही शाळेत शिक्षा म्हणून उभे राहायचो तसे. प्राचार्य हात बांधून. कोपऱ्यात कॉम्प्युटरशी ऋतुजा, आज स्कार्फ नव्हता. मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. फारच लहान वाटली.

भाऊसाहेब पुढच्या सोफ्यावर. बुटके, पांढरा शर्ट, पायांत साध्या चपला. माणूस आवाज चढवत नाही, म्हणून त्याच्यापुढं सगळ्यांचे आवाज बसतात.

"कोनं लिहिलं थे?"

ढोले पुढे झाले. "भाऊसाहेब, नवीन मुलगी आहे, अनुभव कमी..."

"मी लिहिलं," प्रज्ञा म्हणाली.

"कोणतं?"

"दोन्ही."

भाऊसाहेबांनी मांडीवरची पुरवणी उलगडली.

"डावीकडचं चांगलं आहे. माह्या नातीनं वाचून दाखवलं. उजवीकडचं मी सोताच वाचलं." थोडं थांबून म्हणाले, "हा हरतच नाई, असं लिहिलं तू."

"हो, साहेब."

"मंग मी खेळून पाहातो. मले तं काई येत नाई. मले खेळता आलं म्हणजे कोणालेही आलं. लाव गं पोरी."

ऋतुजानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, कॉम्प्युटरकडे परत गेली, काहीतरी दाबलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

सिंदीचा कापूस बाजार पडद्यावर आला. लोखंड्या उभा, छातीवर कॉलेजचं बोधचिन्ह. भाऊसाहेबांनी बटण दाबलं, गोळ्या सुटल्या. समोरून एक अळी आली ती मेली. प्राचार्यांनी टाळी वाजवायला हात वर केले.

तेवढ्यात गाठींच्या थप्पीवरून दुसरी अळी उडाली. लोखंड्या गरकन फिरला, एसटीचा दरवाजा निखळून पडला, आणि तो तोंडावर मातीत आपटला. धुराड्यातून थोडा धूर निघाला. पडदा काळा.

प्राचार्य पांढरेफटक पडले होते. ते सरकत सरकत ऋतुजापाशी गेले. मी जवळच होतो.

"कोणती फाइल लावली?"

"होती थेच, सर," ऋतुजा आपल्या चपलांकडे पाहत म्हणाली.

भाऊसाहेब काळ्या पडद्याकडे बघत होते. त्यांनी कंट्रोलर उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. ढोल्यांनी डोळे मिटले होते. प्रज्ञानं माझ्या बाहीचं टोक धरलं होतं आणि ते तिला कळलंही नव्हतं.

"परत लाव," भाऊसाहेब म्हणाले.

परत सिंदी. या वेळी दोन अळ्या मेल्या आणि तिसरीनं पाडला.

"परत."

पुन्हा पडला. प्राचार्य म्हणाले, "साहेब, तांत्रिक अडचण दिसते, आम्ही लगेच..." भाऊसाहेबांनी नुसता हात वर केला. प्राचार्य भिंतीला जाऊन लागले.

चौथ्यांदा लोखंड्या तापला. दुपट्टा गुंडाळून हळूहळू चालायला लागला, आणि भाऊसाहेब सोफ्याच्या अगदी कडेला सरकून बसले.

"थे लेख लिहिणारी कुठं गेली? इकडं ये. बस इथंसा."

प्रज्ञा गेली. सोफ्याच्या टोकावर टेकली.

"थे उडी मारणारी कळत नाई मले. कुठून येते थे?"

प्रज्ञा पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "साहेब, उडी घ्यायच्या आधी ती शेपटी आखडते. शेपटी पाहा. आखडली की सावलीकडं सरका. आता. सरका."

भाऊसाहेब सरकले. सोफ्यावरही सरकले. अळी शेजारून गेली आणि गाठींवर आपटली.

"अस्सं," भाऊसाहेब म्हणाले. कपाळावर घाम होता, पुसला नाही. "मंग?"

"मंग झाडू नका. अजून तपलेला आहे तो. थांबा."

याच क्षणी ढोले साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक. ते खिशातून खुलाशाचा कागद काढून सोफ्यामागं गेले आणि अदबीनं वाकले.

"भाऊसाहेब, खुलासा तयार आहे. उद्याच्या अंकात घेऊ की रविवारच्या?"

भाऊसाहेबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"चूप बसा ना जी, ढोले. मी मरून राह्यलो इथं."